शेवाळातली चरबी आणि मामीचा गुडघा

माझे मामा चरबी मोजतात. एवढं सांगितलं की समोरचा माणूस पोट आत ओढून घेतो. मग मला घाईघाईने सांगावं लागतं की माणसांची नव्हे, शेवाळाची. समुद्रात खडकांना चिकटून वाढतं ते शेवाळ. त्यात चरबी किती, प्रथिनं किती, मीठ किती, आयोडीन किती, हे तपासणारी एक प्रयोगशाळा आमच्याकडे बंदरामागच्या रस्त्यावर आहे. एका बाजूला बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला दोरखंडाचं दुकान. मध्ये ही. शेवाळाच्या गोळ्या करणारे, शेवाळ घालून जनावरांचं खाद्य करणारे, सूप घट्ट करायची पूड विकणारे असे सगळे आपापल्या पिशव्या घेऊन तिथे येतात. तिथल्या चरबीच्या टेबलावर मामांनी उभं आयुष्य काढलं.

आता गंमत अशी की शेवाळात चरबी जवळजवळ नसतेच. शंभर ग्रॅम वाळलेल्या शेवाळातून दोन-तीन ग्रॅम निघाली की मामांचा चेहरा खुलतो. म्हणजे या माणसाने धंदा निवडला चरबीचा आणि शोधायला गेला जिथे ती नाही तिथे. स्वतःच्या अंगावर तर तेवढीही नाही. मामांचा शर्ट दोरीवर वाळत असताना आणि मामांनी घातलेला असताना सारखाच दिसतो.

मामीचं उलट. ती अंगाने चांगली भरलेली आहे आणि हसायला लागली की खुर्ची करकरते. ‘घरात एवढा साठा आहे,’ ती पाहुण्यांसमोर म्हणते, ‘आणि हे रोज सकाळी डबा घेऊन बाहेर शोधायला जातात.’ पाहुणे हसतात. मामा खिडकीबाहेर बघतात. मी नोकरीसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हापासून हा विनोद किती वेळा ऐकला कोण जाणे, पण मला अजून हसू येतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकाची मापं घेऊन घरी यावं तर जेवताना मामा शेवाळाची तीन घराणी घेऊन बसलेले असतात. हिरवं, तपकिरी आणि तांबडं. हिरवं त्यांच्या मते सरळमार्गी, त्याची चरबी बरीचशी पालेभाजीच्या वळणाची. तपकिरी भारदस्त, त्यात आयोडीन इतकं की जपून खावं, नाहीतर गळ्यातली ग्रंथी बिथरते. तांबड्यावर त्यांचा विशेष जीव.

‘तांबड्याच्या काही जातींत प्रथिनं डाळीच्या तोडीची,’ ते म्हणतात. ‘चरबी अगदी थोडी. पण त्या थोड्यातलीही बरीच ओमेगा-तीन. माशाच्या तेलात असते ना, तीच.’

‘मग मासेच खावेत की,’ मी एकदा म्हणाले.

मामांनी चमचा खाली ठेवला. ‘आणि मासे कुठून आणतात? स्वतः बनवतात की काय? पाण्यातलं बारीक शेवाळ बनवतं, ते बारीक जीव खातात, त्यांना मासे खातात. करणारा कोण आणि नाव कोणाचं होतंय.’ आपली बढती दुसऱ्याला मिळाल्यासारखे ते त्या दिवशी नीट जेवलेसुद्धा नाहीत.

मोजायची रीत मात्र मला आवडली. शेवाळ धुवायचं, वाळवायचं, दळायचं. पूड जाड कागदाच्या नळीत भरायची आणि वरून कापसाचा बोळा दाबायचा, नाहीतर पूड तरंगून वर येते. खाली काचेच्या चंबूत एक पातळ द्रावण उकळत ठेवायचं. त्याची वाफ वर जाते, गार होते, थेंबाथेंबाने पुडीतून झिरपते आणि चरबीला सोबत घेऊन परत चंबूत उतरते. दिवसभर हेच चालतं. शेवटी द्रावण उडवून टाकलं की चंबूच्या तळाशी हिरवट-काळपट डाग उरतो. रिकाम्या चंबूचं वजन आधीच करून ठेवलेलं असतं. वजन वाढलं तेवढी चरबी.

डाग म्हणजे किती, तर आपण टोस्टला लोणी लावताना सुरीला जेवढं लोणी राहतं ना, त्याहून कमी. त्यामुळे तेलकट बोट लागलं की सगळं गणित बोंबललं. म्हणून मामांनी तेल सोडलं. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही, हाताला मलम नाही, तळलेलं नाही. बिस्कीट देखील आधी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून डाग पडतो का बघणार आणि मग माझ्या बशीत टाकणार. दारं कोपराने उघडणार. थंडीत त्यांच्या ओठांना भेगा पडतात, पण व्हॅसलीनची डबी दिसली तरी ते दोन पावलं मागे सरकतात. एका लग्नात ते सगळा वेळ हात खिशात घालून उभे राहिले, कारण दुसऱ्या दिवशी मोजणी होती. मुलीकडच्यांना वाटलं याला फार चरबी चढली आहे.

घरात हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग मामीचा गुडघा धरला.

डॉक्टरांनी एक तेल दिलं आणि रोज चोळायला सांगितलं. त्या तेलाला कापूर, लवंग आणि आणखी कशाकशाचा असा काही वास होता की जिन्यात पाय ठेवला की आमचं घर आलं हे आंधळ्यालाही कळावं. रोज चोळायचं कोणी? मामा कामाच्या दिवशी तेलाला शिवत नाहीत. मी प्रयत्न केला. मामी म्हणाली, ‘तू चष्मा पुसल्यासारखं चोळतेस, राहू दे.’ शेवटी ठरलं ते असं, की शनिवारी कामावरून आल्यावर मामा चोळतील आणि एरवी मामी तिचं ती बघेल. ती बघत होती. कसं बघत होती हे ना मामांनी विचारलं ना मी.

अशात मुख्य कार्यालयाने आपल्या सगळ्या शाखांची परीक्षा काढली. एकाच शेवाळाची एकच पूड सीलबंद बाटल्यांतून सगळ्या प्रयोगशाळांना पाठवायची आणि प्रत्येकाने आपापला आकडा कळवायचा. ज्याचा आकडा फटकून, त्याचं काम बंद. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी मामांना बोलावून स्पष्ट सांगितलं की चरबीचा आकडा चुकला तर चरबीचं टेबल इथून उठेल, ते काम मुख्य प्रयोगशाळेकडे जाईल आणि मामांना निवृत्तीपर्यंत भांडारात बसावं लागेल. भांडारात म्हणजे हातमोजे देणं आणि साबणाच्या वड्यांवर नजर ठेवणं. मामा घरी आले ते तोंड एवढंसं करून. ‘मला त्या टेबलाशिवाय काही येत नाही,’ ते मामीला म्हणाले. हा माणूस घाबरला आहे हे मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला त्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं.

साहेबांना अडचणीच्या वेळी एकच उपाय सुचतो. त्यांनी प्रयोगशाळेला रंग द्यायला काढला. न जाणो, मुख्य कार्यालयाची माणसं बघायला आली तर. रंगाच्या वासाने मामांचं धाबं दणाणलं, कारण कापूस हवेतलं काहीही धरून ठेवतो. परीक्षेसाठी त्यांनी कापूस मुद्दाम द्रावणात धुऊन, वाळवून, काचेच्या बरणीत भरून ठेवला होता. ती बरणी ते सरळ घरी घेऊन आले आणि कपड्यांच्या कपाटात ठेवली. ‘आपल्या घरासारखी स्वच्छ जागा नाही,’ ते म्हणाले. मामी पलंगावर पाय लांब करून बसली होती. तिने मान डोलावली.

रंग वाळला, बरणी परत गेली, मोजणी सुरू झाली. पूड बघूनच मामांनी ओळखलं की हे तांबडं आहे, म्हणजे आकडा छोटा येणार. आला मोठा. त्यांना वाटलं, वजन करताना चुकलो असेन. दुसऱ्यांदा केलं तर त्याहून मोठा. तिसऱ्यांदा मधलाच कुठला तरी. एका पुडीचे तीन आकडे आणि तिन्ही अवाच्या सवा. असं तांबडं शेवाळ समुद्रात असेल तर मासे तराफ्यासारखे तरंगायला हवेत, असं म्हणून मामा स्वतःच कसनुसं हसले.

मग संशयाचा फेरा सुरू झाला. साहेब केसांना क्रीम लावतात, त्यांना टेबलाजवळ यायला बंदी झाली. रंगाऱ्याने दाराच्या बिजागरीत वंगण घातलं होतं, ते मामांनी स्वतः खरवडून काढलं. पलीकडच्या टेबलावर एक बाई आहेत. त्या शेवाळ जाळून उरलेल्या राखेवरून क्षार मोजतात, म्हणून सगळे त्यांना राखबाई म्हणतात. मामांनी त्यांचे हात नाकाला लावून हुंगले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मामा, घरी माझा नवरासुद्धा एवढं करत नाही.’ सगळ्यात शेवटी मामांनी नुसती रिकामी कागदाची नळी लावून यंत्र चालवून बघितलं. त्यात पूडच नव्हती, तेव्हा दाबायचं काय? बोळा लावला नाही. चंबू लख्ख निघाला. म्हणजे काच स्वच्छ, द्रावण स्वच्छ, यंत्र स्वच्छ. मामांनी डोक्याला हात लावला आणि लगेच काढला, कारण डोकं म्हणजे तेलकट जागा.

बाटलीत आता एकाच मोजणीपुरती पूड उरली होती.

पुढचं मला राखबाईंनी सांगितलं. त्या सकाळी मामा तिसरा चंबू हातात धरून खुर्चीत बसले होते. राखबाई चहा घेऊन आल्या, वाकल्या आणि त्यांनी नाक आक्रसलं.

‘मामा, याला तुमचा वास येतोय.’

‘माझा?’

‘तुमचा म्हणजे तुमच्या घरचा. गेले काही महिने तुम्ही दारातून आत आलात की येतो ना, कापूर-लवंगेचा, तो. तुम्हाला येत नाही?’

मामांनी चंबू नाकाशी नेला. त्यांना काहीच येईना. रोज त्याच वासात झोपणाऱ्या माणसाला तो येणार कसा? त्यांनी चंबू खाली ठेवला, डबा तिथेच विसरले आणि घरी निघाले.

मी जेवायला घरी आले होते, म्हणून ते मी डोळ्यांनी बघितलं. मामी पलंगावर बसली होती, पाय स्टुलावर. गुडघ्याच्या मागच्या खोलगट जागेत तेलाने भिजलेला कापसाचा हा एवढा बोळा आणि त्यावरून मामांचाच जुना मफलर आवळून बांधलेला. मामा दारात थांबले. ते गुडघ्याकडे बघत नव्हते, कापसाकडे बघत होते.

‘हा कापूस कुठला?’

‘कपाटातला,’ मामी म्हणाली. ‘तुम्ही बरणी आणली होती त्यातला. काय मऊ आहे हो. माझ्या पुड्यातला नुसता गुठळ्यांचा. मी आठवडाभर पुरेल एवढा काढून ठेवला.’

‘बरणीत हात घातलास?’

‘मग काय पाय घालू? पण उरलेला परत नीट दाबून, सारखा करून ठेवला. तुम्हाला कळलं तरी का?’

तिला त्या नीटनेटकेपणाचा अभिमान होता. मामांनी डोळे मिटून घेतले. ‘हाताला तेल होतं?’

‘चोळता चोळता मध्येच कोण हात धुवायला जातंय? त्यासाठी उठायचं म्हणजे गुडघा परत बोंबलणार.’

बोळा लावला तिथे तिथे चरबी मोठी, बोळा नाही तिथे चंबू लख्ख. मामांना एका क्षणात सगळं उमगलं असणार. तांबड्या शेवाळाच्या नावावर त्यांनी तीन वेळा मामीच्या गुडघ्याचं तेल मोजलं होतं. मला हसू फुटणार होतं, मी कपड्यांच्या कपाटाकडे तोंड वळवलं. पण मामा ओरडले नाहीत. त्यांना वेगळाच प्रश्न पडला होता.

‘पण तुला कापूस लागतो कशाला? हाताने चोळायचं ना.’

‘पुढून चोळते की हाताने. मागची बाजू माझ्या हाती येत नाही. वाकलं की पाठ धरते. म्हणून बोळा भिजवते, मागे बांधते आणि बसते. खरं दुखतं ते मागेच. शनिवारपर्यंत ढकलायचं कसंतरी.’ तिने हे बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

‘मला सांगितलं नाहीस?’

‘काय सांगायचं? तुमचा नियम मला माहीत नाही का?’

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मामांचा मला राग आला, आणि माझा स्वतःचा तर जास्तच, कारण मी त्याच घरात रोज दोन वेळा जेवत होते. मामा स्टुलाशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी मफलर सोडला, बोळा काढून बाजूला ठेवला आणि तेलाची बाटली जवळ ओढली.

‘अहो, उद्या तुमची शेवटची पूड आहे ना?’ मामी पाय मागे घेत म्हणाली.

‘आहे.’

‘मग हात?’

‘हात माझे आहेत,’ मामा म्हणाले आणि त्यांनी तळव्यावर तेल ओतलं. भर दुपारी, कामाच्या दिवशी. मामीने डोळे मिटले. मामा गुडघ्याच्या मागे हात घालून चोळायला लागले.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानाला सुट्टी होती. मामांचा डबा द्यायला मी प्रयोगशाळेत गेले तर मामा टेबलापाशी नव्हतेच. ते दाराच्या बाहेर, उंबऱ्यापलीकडे, दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते आणि टेबलापाशी राखबाई. त्यांनी नवा कापूस धुऊन वाळवला होता. त्यांचा जन्म वस्तू जाळण्यात गेलेला, त्यामुळे हात जरा जड. मामांचा जीव खालीवर होत होता.

‘हळू. बोळा दाबा, कोंबू नका.’

‘मामा, कापूस मी आधी बघितलेला आहे.’

‘चंबू चिमट्याने धरा. चिमट्याने.’

‘चिमट्यानेच धरलाय. हे माझे हात नाहीत, चिमटा आहे.’

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दारातल्या मामांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘तुम्ही बाहेर का?’

‘हाताला तेल आहे, साहेब.’

‘मग धुवा.’

‘चार वेळा धुतलेत. पण माझा माझ्यावर भरवसा नाही.’ आणि मामांनी कापूस, बरणी, कपाट, सगळं सांगून टाकलं. काही राखून ठेवलं नाही. साहेब ऐकत राहिले. त्यांना रागवावं की कसं ते कळेना.

‘म्हणजे आधीचे आकडे का चुकले, असं वरून विचारलं तर मी काय कळवू? तुमच्या बायकोचा गुडघा?’

‘तेच कळवा,’ मामा म्हणाले. ‘खरं तेच आहे.’

संध्याकाळी चंबूच्या तळाशी उरला तो एक बारीक काळपट-हिरवा डाग. राखबाईंनी तो मुद्दाम दारापर्यंत आणून मामांच्या नाकाखाली धरला. वास आला तो ओल्या खडकाचा. काट्यावर आकडा आला छोटा, आणि तो छोटा आकडा बघून मामांचा चेहरा हलकेच सैल झाला. पण पूड संपली होती. बरोबर की चूक, ते आता मुख्य कार्यालय सांगणार होतं.

उत्तर यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत मामा रोज संध्याकाळी जमिनीवर बसून मामीचा गुडघा चोळत होते. नाहीतरी भांडारातच जायचं आहे, तर तेलकट हातांनी जाऊ, असं त्यांचं म्हणणं. मामी सुखावली होती. जिन्याच्या पायऱ्या उतरून ती एकदा खालच्या दुकानापर्यंत जाऊन आली आणि येताना लोणी घेऊन आली. सकाळी मामांनी ते टोस्टला लावून खाल्लं. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं, पण तिथे कोणाला त्याचं महत्त्व कळलं नाही.

मग फोन आला. मामा घरी आले, डबा ठेवला, चपला काढल्या. मामी आणि मी दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

‘आकडा जुळला,’ ते म्हणाले.

‘म्हणजे टेबल राहिलं?’ मामीने विचारलं.

‘राहिलं.’

‘बरं झालं बाई,’ मामी म्हणाली. ती मनापासून म्हणाली, त्यात शंका नाही. पण ते म्हणताना तिने स्टुलावरचा पाय हळूच खाली घेतला, शेजारची तेलाची बाटली उचलली आणि बूच घट्ट लावायला लागली. ‘चला, आता परत शनिवारी.’

मामांनी तिच्या हातातून बाटली घेतली. ‘टेबल राहिलं,’ ते म्हणाले. ‘पुडीला आणि कापसाला हात राखबाई लावतील. मी दारातून सांगेन आणि काटा वाचेन. साहेबांशी बोललोय.’

‘आणि तुमचा नियम?’

मामा खाली बसले आणि त्यांनी बूच काढलं. ‘पाय वर घे,’ ते म्हणाले. ‘आधी मागची बाजू.’